डीबगर काढला की बोर्ड गप्प: उसनी मदत कुठून येते ते शोधायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात फोंड्याजवळच्या एका कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पंप आपोआप चालू-बंद करण्यासाठी एसटीएम३२एफ१०३सी८टी६ या मायक्रोकंट्रोलर चिपवर स्वतः आखलेला बोर्ड आहे. चिपला ठोके देणारा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ५ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट करणारा एएमएस१११७, पीसीएफ८५७४ च्या पट्टीवरून, म्हणजे आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरून, चालणारा १६ बाय २ एलसीडी, तापमान-आर्द्रतेचा एक डीएचटी२२ सेन्सर आणि पंपाच्या कॉन्टॅक्टरसाठी (मोठ्या स्विचसाठी) रिले. एसटी-लिंक हा डीबगर लावून संगणकावरच्या क्यूब आयडीईमधून चालवला की सगळं व्यवस्थित. एसटी-लिंक काढून वीज बंद-चालू केली की एलसीडीचा मागचा प्रकाश लागतो, वरच्या ओळीत काळे चौकोन दिसतात आणि बोर्डावरचा एलईडी लुकलुकत नाही. चिप बदलून पाहिली, तरी तेच.

चिप बदलायची घाई नको होती. ते काळे चौकोन बरंच काही सांगतात. एलसीडीला वीज मिळाली, पण कोणी त्याला सुरुवातीच्या आज्ञा दिल्या नाहीत, की तो असाच दिसतो. म्हणजे ५ व्होल्ट आहेत, आणि प्रोग्रॅम एलसीडीच्या ओळीपर्यंत पोचलेला नाही. प्रश्न ‘चालत का नाही’ एवढाच नाही, ‘कुठे अडकतो’ हा आहे.

डीबगर म्हणजे नुसती प्रोग्रॅम भरायची वायर, असं आपण धरून चालतो. खरं तर तो बोर्डाला न सांगता बरीच मदत करतो. जमीन, म्हणजे ग्राउंड, जोडतो. स्वस्तातला असेल तर ३.३ व्होल्टही पुरवतो. वीज स्थिर झाल्यावर, सेन्सर जागे झाल्यावर, पुन्हा एकदा रीसेट देतो. प्रोग्रॅम कुठून सुरू करायचा ते ठरवणाऱ्या बूटच्या पिना काहीही म्हणोत, तो थेट फ्लॅशमधून, म्हणजे चिपच्या कायमच्या स्मृतीतून, सुरू करून देतो. चिपच्या गाभ्यातले, म्हणजे प्रोसेसरमधले, काही बिट स्वतःहून चढवतो, म्हणजे १ करतो. यातली कुठली मदत तुमचा बोर्ड उसनी घेतोय, तेवढंच शोधायचं आहे. त्यासाठी आधी कोड उघडू नका. दहा मिनिटांच्या चार चाचण्या करा आणि उत्तरं कागदावर लिहून ठेवा.

पहिली चाचणी. एसटी-लिंक जोडलेला ठेवा, पण आयडीई पूर्ण बंद करा. बोर्डाची वीज काढा, दहा सेकंद थांबा, पुन्हा द्या. स्वस्त एसटी-लिंक असेल तर त्याची ३.३ व्होल्टची वायर या वेळी काढून ठेवा, नाहीतर बोर्डाची वीज खरी जातच नाही. आता बोर्ड चालला, तर दोष विजेच्या जोडणीत आहे आणि एसटी-लिंक केवळ एक तार म्हणून उपयोगी पडतोय. एकेक वायर काढत जा. फक्त जमिनीची वायर ठेवून चालत असेल तर दोष जमिनीत. ३.३ ची वायर लावली तरच चालत असेल तर दोष पुरवठ्यात.

दुसरी. एसटी-लिंक पूर्ण काढा, वीज चालू असतानाच बोर्डावरचं रीसेटचं बटण दाबा. बटण नसेल तर ७ नंबरची पिन, म्हणजे एनआरएसटी, क्षणभर जमिनीला लावा. बोर्ड जागा झाला, तर प्रोग्रॅम आणि बूटची पिन या दोघांवरचा संशय बराच कमी झाला.

तिसरी चाचणी सगळ्यांत मोलाची, आणि नेमकी हीच फार थोडे जण करतात. रीसेटचं बटण दाबून धरा. दाबलेलंच ठेवून वीज द्या. दोन सेकंद थांबून बटण सोडा. आता चालला, तर भानगड वेळेची आहे: पुरवठा हळू चढतोय किंवा एखादा सेन्सर उशिरा जागा होतोय. तरीही गप्पच, पण दुसऱ्या चाचणीत मात्र चालला होता, असं असेल तर संशय डीबगरने चढवून ठेवलेल्या बिटांवर. ते बिट साध्या रीसेटने उतरत नाहीत, वीज गेल्यावरच उतरतात. म्हणूनच डीबगर नुकताच काढलेला बोर्ड बटण दाबलं तरी चालत राहतो आणि आपण ‘सुटलं’ असं समजून डबा बंद करतो. रात्री लाइट जाते-येते आणि सकाळी पंप मुका.

चौथी. ४४ नंबरची पिन, बूट०, एका लहान तारेने थेट जमिनीला टेकवा आणि वीज बंद-चालू करा. चालला तर पुढचं वाचायची गरज नाही, बूट० चा परिच्छेद तेवढा वाचा.

आता एकेक कारण. तुमच्या बोर्डात डीएचटी२२ आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो. या सेन्सरशी बोलायला मायक्रोसेकंदाचा विलंब लागतो, एसटीच्या लायब्ररीतला एचएएल_डिले मिलिसेकंदाच्या खाली उतरत नाही. मग बहुतेक जण गाभ्यातल्या डीडब्ल्यूटी या भागाचा, घड्याळाचे ठोके मोजणारा काउंटर वापरतात: आत्ताचा आकडा घ्या, ७२ मेगाहर्ट्झला प्रत्येक मायक्रोसेकंदाचे ७२ ठोके धरा आणि तेवढे होईपर्यंत फिरत राहा. मेख अशी की हा काउंटर चालायला डीईएमसीआर रजिस्टरमधला, म्हणजे चिपच्या एका नियंत्रणाच्या खान्यातला, २४ वा बिट, ट्रेस-एनेबल, चढलेला लागतो. तो बऱ्याचदा डीबगर आपल्या कामासाठी चढवतो. डीबगर नसेल तर बिट शून्य, काउंटर जागचा हलत नाही आणि विलंबाची फेरी कधीच संपत नाही. कोडमध्ये एकही चूक दिसत नाही, कारण चूक न लिहिलेल्या ओळीत असते. विलंबाचं फंक्शन पहिल्यांदा वापरण्याआधी तीन गोष्टी याच क्रमाने करा: डीईएमसीआरचा २४ वा बिट चढवा, काउंटर शून्य करा, डीडब्ल्यूटीच्या कंट्रोल रजिस्टरचा ० वा बिट चढवा. आणि वेळ मोजताना ‘आत्ताचा वजा सुरुवातीचा’ अशी बिनचिन्ही ३२ बिटांची वजाबाकीच करा. ७२ मेगाहर्ट्झला हा काउंटर साधारण ५९.६ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो. थेट तुलना केली तर कधीतरी एकदाच विलंब चुकेल आणि तो दोष शोधताना केस पिकतील.

एलसीडीच्या आधी डीएचटी२२ ची ओळ असेल, किंवा एलसीडीच्या लायब्ररीत हाच विलंब वापरला असेल, तर काळ्या चौकोनांचाही उलगडा इथेच होतो.

दुसरा नेहमीचा आरोपी सेमिहोस्टिंग, म्हणजे प्रिंटएफचा मजकूर डीबगरमार्फत संगणकाच्या पडद्यावर दाखवण्याची सोय. यात प्रोग्रॅम मुद्दाम एक ब्रेकपॉइंटची आज्ञा चालवतो. डीबगर ती पकडतो, मजकूर उचलतो, प्रोग्रॅम पुढे सोडतो. पकडणारा कोणी नसेल तर तीच आज्ञा गाभ्याला हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर चुकीच्या अवस्थेत, ढकलते आणि तिथली अनंत फेरी सुरू होते. ‘माझ्या कोडमध्ये आता एकही प्रिंटएफ नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका. मेनच्या सुरुवातीला ‘इनिशिअलाइज मॉनिटर हँडल्स’ हे फंक्शन बोलावलेलं असेल तर पडद्याची फाइल उघडण्यासाठी ते स्वतःच ब्रेकपॉइंट टाकतं. प्रोजेक्टच्या लिंकरच्या पर्यायांत आरडीआयमॉन हे नाव शोधा. सापडलं तर ते आणि ते फंक्शन दोन्ही काढा, जागी नोसिसची स्पेक्स फाइल लावा आणि मजकूर यूएआरटीवर, म्हणजे सिरियल जोडणीवर, पीए९ पिनेवर पाठवा. ४०-५० पानी लॉग हवा असेल तर तसाही यूएआरटीच सोयीचा, कारण सेमिहोस्टिंगमध्ये प्रत्येक वेळी गाभा थांबतो. दोन्ही सोयी ठेवायच्याच असतील तर डीएचसीएसआर रजिस्टरचा ० वा बिट वाचून डीबगर आहे का ते आधी पाहा. एफ१०३ मध्ये कॉर्टेक्स-एम३ गाभा आहे म्हणून हे जमतं. कॉर्टेक्स-एम० वर प्रोग्रॅमला हे रजिस्टर वाचता येत नाही, तिथे ही युक्ती चालणार नाही.

हार्डफॉल्ट याच कारणाने झाला का, याचा पक्का पुरावा मिळतो. वीज बंद-चालू करून बोर्ड गप्प होऊ द्या. मग क्यूब प्रोग्रॅमर उघडा, मोडमध्ये ‘हॉट प्लग’ निवडा आणि जोडा. हा मोड रीसेट न देता चालत्या चिपला चिकटतो. आयडीईचं नेहमीचं डीबगचं बटण दाबलंत तर ते रीसेट देऊन सगळा पुरावा पुसून टाकेल. वायरी तीनच लावा: एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके आणि जमीन. आता चिप कोणत्या पत्त्यावरची आज्ञा चालवतेय ते सांगणारा प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे पीसी, वाचा. हेक्समध्ये तो ०८०० ने सुरू होत असेल तर चिप तुमच्याच प्रोग्रॅममध्ये आहे. कुठलं फंक्शन कुठल्या पत्त्यावर ते सांगणाऱ्या मॅप फाइलशी ताडून फंक्शनचं नाव काढा. विलंबाचं फंक्शन निघालं तर डीडब्ल्यूटी. एरर हँडलर निघालं तर बहुधा क्रिस्टल किंवा आयटूसी. हार्डफॉल्ट हँडलर निघालं तर एचएफएसआर रजिस्टर पाहा, पत्ता ई०००ईडी२सी. तिथे ८००००००० दिसलं, म्हणजे सर्वांत वरचा ३१ वा बिट चढलेला, तर पकडायला कोणी नसताना ब्रेकपॉइंटची आज्ञा चालली. सेमिहोस्टिंगवर शिक्कामोर्तब. आणि पीसी १एफएफएफ ने सुरू होत असेल तर चिप तुमच्या प्रोग्रॅमकडे फिरकलेलीच नाही, एसटीने कारखान्यात भरलेल्या बूटलोडरमध्ये बसून आज्ञेची वाट पाहतेय.

म्हणजे बूट०. या पिनेला चिपच्या आत खाली ओढणारा भरवशाचा रेझिस्टर नाही. रीसेट सुटल्यावर चिप तिची पातळी पाहते: खाली असेल तर तुमचा फ्लॅश, वर असेल तर बूटलोडर. पिन मोकळी सोडली तर निर्णय वाऱ्यावर. डीबगरमधून चालवताना मात्र आयडीई प्रोग्रॅम भरून पीसी थेट तुमच्या रीसेट हँडलरवर ठेवते, म्हणून बूट० चा विषयच निघत नाही. इलाज १० किलोओहमचा एक रेझिस्टर, बूट० आणि जमीन यांमध्ये. बूट१ म्हणजे २० नंबरची पीबी२, तिलाही तसाच एक लावलेला बरा. तयार ब्ल्यू पिल बोर्ड वापरणाऱ्यांनी पिवळे जंपर दोन्ही ० कडे आहेत ना ते पाहावं. प्रोग्रॅम भरताना एकदा १ कडे हलवलेला जंपर परत न हलवणं ही फार साधी चूक, आणि फार सर्रास.

गोव्यात या पिनेचा आणखी एक खेळ असतो. मे महिन्यात टेबलावर चाललेला बोर्ड जुलैत कुळागरात रुसतो. पोफळींच्या सावलीत, पाटाच्या पाण्याशेजारी डब्यातली हवा दिवसचे दिवस दमट राहते. सोल्डर करताना उरलेला फ्लक्स पाणी धरतो आणि शेजारच्या ३.३ व्होल्टच्या पट्टीवरून मोकळ्या बूट० कडे गळती सुरू होते. १० किलोओहम असेल तर ही गळती हरते. तो नसेल किंवा कोणी १ मेगाओहम लावला असेल तर गळती जिंकते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या दातांच्या ब्रशने नीट घासा, विशेषतः चिपच्या पायांमध्ये आणि क्रिस्टलच्या खाली. पूर्ण वाळू द्या आणि मगच संरक्षक लेप मारा. न धुता लेप मारला तर ओल आतच कोंडली जाते, हे आधीपेक्षा वाईट. पेडणे-बार्देशच्या किनाऱ्याजवळ खारं वारं असतं, तिथे लेप टाळूच नका.

आता वेळेची भानगड, म्हणजे तिसऱ्या चाचणीत चालणारे बोर्ड. एफ१०३ ची अंतर्गत रीसेट यंत्रणा साधारण १.९ व्होल्टला सुटते, त्यानंतर काही मिलिसेकंदांत तुमचा कोड धावू लागतो. त्या वेळी ५ व्होल्टची बाजू अजून चढत असू शकते. एलसीडीच्या एचडी४४७८० नियंत्रकाला ४.५ व्होल्ट मिळाल्यावर १५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ हवा असतो. डीएचटी२२ ला तर वीज आल्यावर पूर्ण १ सेकंद त्रास देऊ नये. डीबगरने चालवता तेव्हा हे सगळे केव्हाचेच जागे असतात, म्हणून दोष दिसत नाही. एचएएल_इनिट आणि घड्याळाची जुळणी झाल्यावर ५० मिलिसेकंद थांबा, डीएचटी२२ च्या पहिल्या वाचनाआधी १ सेकंद, आणि आयटूसीच्या प्रत्येक हाकेला १०० मिलिसेकंदांची मुदत द्या. एचएएल_मॅक्स_डिले लिहिलेलं असेल तर एक सैल वायर अख्खा पंप थांबवू शकते. खरं सांगायचं तर सेन्सर बोलला नाही म्हणून एरर हँडलरमध्ये जाऊन बसणं हेच शेतावरच्या यंत्राला शोभत नाही. चूक नोंदवा, पुढे चला, थोड्या वेळाने पुन्हा विचारा.

पुरवठा स्वतःच हळू किंवा अडखळत चढत असेल तर विलंब पुरणार नाही. एएमएस१११७ च्या बाहेरच्या बाजूला २२ मायक्रोफॅरडचा टँटलम आहे का पाहा. चिपच्या तिन्ही व्हीडीडी पिना, २४, ३६ आणि ४८, प्रत्येकीशेजारी १०० नॅनोफॅरड हवाच. व्हीडीडीए म्हणजे ९ नंबरची पिन विसरू नका, रीसेट आणि पीएलएल (घड्याळाचा वेग वाढवणारा भाग) यांना वीज तिथूनच मिळते. एनआरएसटीवर १०० नॅनोफॅरड पुरे. आत सुमारे ४० किलोओहमचा वर ओढणारा रेझिस्टर असतो, म्हणजे ४ मिलिसेकंदांचा विलंब मिळतो. तो वाढवायला १० मायक्रोफॅरड लावणारे भेटतात. मग एसटी-लिंकलाही ती पिन खाली ओढायला जड जातं. त्यापेक्षा मॅक्स८०३ सारखी रीसेटची चिप लावा. २.९३ व्होल्टची आवृत्ती घेतली तर ती पातळी गाठल्यावरही किमान १४० मिलिसेकंद रीसेट धरून ठेवते. मॅक्स८०९ नको, कारण तिचं आउटपुट वरही ढकलतं, आणि एसटीएम३२ स्वतः एनआरएसटी खाली ओढते तेव्हा दोघांची झुंज लागते.

क्रिस्टल. एचएसई, म्हणजे बाहेरच्या क्रिस्टलवरचं घड्याळ, सुरू झालं नाही तर क्यूबने लिहिलेला कोड मुदत संपल्यावर एरर हँडलरमध्ये जातो. तिथे इंटरप्ट बंद करून अनंत फेरी असते. क्रिस्टलच्या दोन्ही कपॅसिटरांची किंमत अशी काढा: क्रिस्टलवर लिहिलेल्या भारातून भटकी धारिता, साधारण ५ पिकोफॅरड, वजा करा आणि दुप्पट करा. २० पिकोफॅरडच्या क्रिस्टलला ३० पिकोफॅरडचे दोन. संशय असेल तर एकदा एचएसआयवर, म्हणजे आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर, बोर्ड चालवून बघा. त्यावर दहापैकी दहा वेळा उठला तर क्रिस्टलकडे वळा. ऑसिलोस्कोपची साधी काडी ऑस्क_इनवर लावू नका, तिचीच १०-१५ पिकोफॅरड धारिता क्रिस्टल बंद पाडते किंवा कधी कधी उलट चालू करते.

बॅटरीवर चालणारा बोर्ड असेल तरच पुढचं. चिपला झोपवणारा स्टॉप मोड वापरत असाल तर डीबीजीएमसीयूच्या कंट्रोल रजिस्टरमधले खालचे तीन बिट डीबगर चढवतो, त्यामुळे झोपेतही घड्याळ चालू राहतं. डीबगर गेला की चिप खरी झोपते, सिसटिक, म्हणजे मिलिसेकंद मोजणारा टायमर, थांबतो आणि उठवायला आरटीसीचं घड्याळ किंवा बाहेरचा इंटरप्ट नसेल तर ती उठतच नाही. उठली तरी ८ मेगाहर्ट्झच्या एचएसआयवर उठते. घड्याळाची जुळणी पुन्हा केली नाही तर यूएआरटीवर कचरा येतो. तपासायला डीबग कॉन्फिगरेशनमध्ये ‘लो पॉवर मोडमध्ये डीबग’ हा पर्याय बंद करून पाहा.

तुम्ही स्वतःचा बूटलोडर लिहून मुख्य प्रोग्रॅम ०८००४००० पासून ठेवला असेल तर वेगळीच गोष्ट. डीबगर ईएलएफ फाइल वाचून थेट तिथे उडी मारतो, चिप मात्र वीज आल्यावर ०८०००००० कडेच पाहते. तिथे काही नसेल तर काहीच होणार नाही. असेल, पण उडीआधी किंवा उडीनंतर इंटरप्टच्या पत्त्यांची यादी कुठे आहे ते सांगणारं व्हीटीओआर बदललं नसेल, तर प्रोग्रॅम सुरू होतो आणि पहिल्याच सिसटिकला भलत्या पत्त्यावर जातो. क्यूबच्या अलीकडच्या सिस्टिमइनिटमध्ये व्हीटीओआरची ओळ मुळात बंद ठेवलेली असते, ती उघडून ऑफसेट भरावा लागतो.

राहिली जमीन. ३.३ व्होल्ट मोजताना मल्टिमीटरची काळी काडी नेहमीच्या स्क्रूवर नको, थेट चिपच्या २३, ३५ आणि ४७ नंबरच्या पिनांवर एकेक करून टेकवा. वीज काढून याच पिना पुरवठ्याच्या जमिनीशी तपासा, १ ओहमच्या आत यायला हवं. बारीक पायांची चिप हाताने सोल्डर केली की एखादा पाय पॅडवर नुसता टेकलेला असतो.

आणि हे मात्र नीट वाचा. २३० व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा पुरवठा मेनपासून विलग केलेला आहे याची खात्री केल्याशिवाय एसटी-लिंक लावू नका. कपॅसिटर आणि झेनरवर चाललेला बिनट्रान्सफॉर्मरचा स्वस्त पुरवठा असेल तर बोर्डाची जमीन ही खुद्द मेनची तार आहे. त्यावर एसटी-लिंक लावला तर लॅपटॉप जाईल, ओल्या जमिनीवर अनवाणी उभे असाल तर माणूसही. अशा बोर्डावर काम करताना मेन पूर्ण काढा आणि ५ व्होल्ट मोबाइलच्या चार्जरमधून द्या. कॉन्टॅक्टरची वायर तेव्हा सोडवलेली असावी.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आधी बूट० जमिनीला, मग बटण धरून वीज, मग कोडात ट्रेस-एनेबलचा बिट. तिन्ही करूनही गप्प राहिला तर हॉट प्लगने वाचलेला पीसी आणि एचएफएसआरचा आकडा, आणि चिपच्या पिनांवर मोजलेले व्होल्ट एवढं कळवा.